वीस ग्रॅम बेदाणे

पोरीचे दात आवळले गेले होते आणि माझं बोट त्यांच्यात अडकलं होतं. बोटाला साखर होती. ती गालाला आतून चोळायची, घशात काही ओतायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून मी चोळत होते. तिचे डोळे उघडे होते, पण ती बघत नव्हती. घाम एवढा आला होता की झग्याची पाठ पिळली असती तर पाणी निघालं असतं. सासूनं कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. शेजारच्या दोघी ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, फेफरं आहे, चप्पल हुंगवा. दुसरी म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय. मी म्हणाले, साखर आणा अजून, नाहीतर घरी जा. एक साखर आणायला गेली, दुसरी तशीच बघत उभी राहिली.

बोट सोडवून घेतलं तेव्हा त्यातून रक्त येत होतं. दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग तिचा जबडा सैल पडला, तिनं जीभ हलवली, ओठ चाटले आणि गिळलं. थोड्या वेळानं मला ओळखून म्हणाली, "आई, तुझ्या बोटाला काय झालं?"

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही धायरीत राहायचो. आज तिथं इमारती आहेत, तेव्हा ते गाव होतं आणि आमची जमीन ओढ्याच्या कडेला होती. पोरीला लहान वयातच साखरेचा आजार झाला होता. तो म्हाताऱ्यांना होतो एवढंच आम्हाला माहीत होतं. ती वाळत चालली, सारखं पाणी प्यायची, रात्री अंथरूण भिजवायची, तेव्हा सासू म्हणाली दृष्ट लागली आणि नवरा म्हणाला जंत झाले. शेवटी ती उठेनाशी झाली तेव्हा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज सकाळी सुई टोचावी लागेल, जन्मभर. कोण टोचणार, असं त्यांनी विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी चौथीपर्यंत शिकले होते आणि तो सहावी होता, पण सुई बघितली की त्याला चक्कर यायची.

तर मी शिकले. काचेची पिचकारी उकळायची, गढूळ दुधासारखं औषध रेघेपर्यंत ओढायचं, मांडीत टोचायचं. औषधाची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, कारण थंड ठेवायची होती आणि बर्फाचं कपाट गावात कुणाकडेच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर थोडी आहे, विटेसारखं झालं तर फार आहे. हे सगळं जमलं. जमलं नाही ते खाणं.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की औषध सकाळी घेतलं तरी त्याचा जोर दुपार कलल्यावर चढतो. त्या वेळेला पोटात ठरलेलं अन्न पाहिजेच. जास्त गेलं तर साखर वाढते, ते निस्तरता येतं. कमी गेलं तर मूल बेशुद्ध पडतं आणि कधीकधी उठत नाही. गूळ-साखर बंद. पण नुसती बेचव लापशी पोरगी खाईना, थुंकून टाकायची. मग डॉक्टर म्हणाले, गुळाच्या जागी बेदाणे घालून शिजवा, वीस ग्रॅम बेदाणे आणि तीस ग्रॅम लापशीचा रवा. मी मूठभर ना, असं विचारलं. ते म्हणाले, "बाई, मूठ माणसागणिक बदलते. वजन करा."

वजन कशानं करणार? घरात मापटं होतं, चिपटं होतं, शेर होता. आम्ही धान्य मापानं देत-घेत आलो. तराजू कुणाच्याच घरात नव्हता, तो वाण्याकडे असायचा. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, तोवर ही नवी वजनं आली. ग्रॅम म्हणजे केवढा, हे मला कुणी दाखवलेलं नव्हतं.

मी देवापुढं नैवेद्याला ठेवायची ती लहानशी पितळी वाटी घेतली आणि वाण्याकडे गेले. त्याच्याकडे हिंग-केशर तोलायचा लहान काटा होता. त्यानं वीस ग्रॅम बेदाणे तोलून वाटीत ओतले. वाटी बरोबर काठाशी सपाट भरली. वाणी म्हणाला, "पावणेदोन तोळ्यांना जरा कमी, असं धरा वहिनी. तोळा आपला, ग्रॅम सरकारचा." रवा त्याच वाटीनं बघितला तर तीस ग्रॅमला एक वाटी आणि वर अर्धी लागली. मग मी हौसेनं खारकांचे तुकडेही भरून बघितले. तीच वाटी, तशीच सपाट, आणि वजन कितीतरी कमी, कारण तुकड्यांमध्ये फट राहते. खजूर दाबून भरला तर बेदाण्यांच्याही पुढे गेला. तेव्हा कळलं की एका वाटीत वेगवेगळं वजन बसतं आणि एक जिन्नस मोजला म्हणून दुसरा मोजला असं होत नाही. मी ठरवलं, फक्त बेदाणे. खारीक नको, खजूर नको. सगळं एकच ठेवलं म्हणजे चूक होणार नाही.

काही महिने चूक झाली नाही. मी स्वतः मोजायची, स्वतः शिजवायची, समोर बसून खाऊ घालायची. ती शेवटचा घास गिळेपर्यंत मी उठत नसे. पोरगी म्हणायची, "आई, तू पोलीस आहेस का?"

मग खुरपणी आली. भुईमुगात तण माजलं होतं आणि मजूर बायका मिळत नव्हत्या. दुपारी घरी येणं मला शक्य नव्हतं. लापशी सासूकडे आली. तिला मी वाटी दाखवली, काठ दाखवला, सपाट म्हणजे कसं ते बोट फिरवून दाखवलं. सासू म्हणाली, तुझ्या आधीपासून चूल पेटवतेय मी. ते खरंच होतं.

मी शेतात असायची पण लक्ष सगळं घराकडे. लिंबाची सावली बांधाला टेकली की लापशी चुलीवर चढली असणार. सावली बांध ओलांडून गेली की पोरगी खात असणार. बायका गाणी म्हणायच्या, मी खुरपं चालवायची आणि सावली बघायची. संध्याकाळी पळत घरी. पोरगी किरकिरी झालेली असायची, हात ओलसर, जेवायला बसायच्या आधीच भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. मी विचारायची, लापशी खाल्लीस का? सगळी खाल्ली, म्हणायची. नळी उकळून बघितली तर रंग निळाशार. निळा म्हणजे चांगला, एवढंच मला ठाऊक होतं. रोज निळा बघून मी निवांत व्हायची. आणि एका दिवशी शाळेतून आल्यावर ती पोरींबरोबर लंगडी खेळली, बराच वेळ, आणि ओसरीवर पडली. मी नेमकी त्या दिवशी लवकर घरी आले होते. लवकर का आले, ते आता आठवत नाही. पावसाचं चिन्ह असेल.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, दुपारी खाल्लं होतं का? खाल्लं होतं. किती? वीस ग्रॅम बेदाणे, तीस ग्रॅम रवा. कुणी मोजलं? सासूनं. कशानं? वाटीनं. ते म्हणाले, "मग वीस ग्रॅम म्हणू नका, वाटी म्हणा. पोटात कमी गेलंय हे नक्की. कुठं गळतंय ते घरी जाऊन शोधा. पुढच्या वेळेला ती उठेल असं मी सांगू शकत नाही."

परत येताना मला वाण्याशिवाय कुणाचा संशय आला नाही. बसमधून उतरले ती तशीच त्याच्या दुकानात गेले आणि चारचौघांत म्हणाले की तुमच्या काट्यानं माझी पोर मरता मरता वाचली. त्यानं काटा काढला आणि वाटी मागितली. बेदाणे भरले, सपाट केले, तोलले. वीस. रिकामं करून पुन्हा तोलले. वीस. म्हणाला, "वहिनी, काट्याला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही. तुम्ही घरातली तोंडं बघा."

मला लाज वाटली असं नाही, रागच आला. पण तो बरोबर बोलत होता.

त्या दिवशी मी शेतात गेलेच नाही. माजघरात गहू निवडायला बसले, चूल दिसेल अशी. सासूनं डबा उघडला. वाटी बेदाण्यांत बुडवली, काठावरून बोट फिरवलं, अगदी मी दाखवलं होतं तसं. सपाट. मग पातेल्यात उपडी करायच्या आधी तिनं वाटीतली एक चिमूट उचलली आणि परत डब्यात टाकली. मग वाटी उपडी केली. रव्यालाही तसंच. वाटी भरली, चिमूट परत. अर्धी वाटी भरली, चिमूट परत.

आमच्याकडे सगळ्याच बायका तसं करायच्या. डब्यातून धान्य काढलं की मापातले चार दाणे परत डब्यात टाकायचे, म्हणजे डबा रिता होत नाही, घरात बरकत राहते. मी तांदळाला, ज्वारीला तसंच करायची. पायलीभर ज्वारीतून चिमूट परत गेली तर कुणाचं पोट उपाशी राहत नाही. पण ही नैवेद्याची वाटी होती. आणि सासूचा हात जन्मभर कुळव-खुरपं धरलेला. तिची चिमूट पाच बोटांची असायची.

मी म्हणाले, "आत्या, ते परत काय टाकलंत?"

"कुठं काय टाकलं?"

"आत्ता. वाटीतलं डब्यात."

तिला खरंच कळलं नव्हतं. हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, माप रितं करत्यात व्हय कुनी? बरकतीचं हाय ते."

"त्या बरकतीनं पोरगी पडली."

"म्हंजी मी पाडली?"

"तुम्ही नाही. चिमटीनं."

"चिमूट कुनाची हाय मग?" असं म्हणून तिनं पळी चुलीवर आपटली. मग खूप बोलली. तिच्या लहानपणी दुष्काळात तिच्या आईनं रिती कणगी झाडून पिठल्यापुरतं काढलं होतं, त्या वर्षी तिचा एक भाऊ गेला. माप उपडं करून झटकणाऱ्या बाईच्या घरात दाणा टिकत नाही. मला काय माहीत, मी चार बुकं शिकलेली. सुया टोचून पोर जगवते म्हणणारी मी तिला शिकवणार? नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती जेवायला उठली नाही. त्यानं मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तो म्हणाला, "चिमटीवरून? तुम्हा दोघींना शेतात काम कमी आहे." तो बाहेर जाऊन बसला. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे हे त्यालाही कळत होतं, पण आईला बोलायची त्याची कधी हिंमत झाली नाही.

मला खुरपणी सोडता येत नव्हती. सासूची सवय साठ वर्षांची. हात आपोआप जाणार, आज नाही तर उद्या. म्हणून मी वाद वाढवला नाही. भांडणाच्या दुपारीच, तिनं पातेल्यात टाकलेले बेदाणे आणि रवा मी पाणी ओतायच्या आधी पदरात बांधून घेतले होते, तिला म्हणाले खडे बघते, आणि वाण्याकडे जाऊन निवडून वेगवेगळे तोलले होते. बेदाणे वीसच्या जागी चौदा, रवा तीसच्या जागी एकवीस. पदरातल्यात कमी पडलं तेवढं दुकानातून विकत घालून घरी येऊन शिजवले. आणि वाण्याच्याच दुकानातून थोडी मोठी वाटी घेतली. तिच्यात सपाट भरून, पाच बोटांची चिमूट काढली की वीसच्या आसपास उरत होते. रव्यालाही त्याच वाटीचा हिशोब बसवला. जुनी वाटी मी देवघरात वर ठेवून दिली आणि नवी डब्यात टाकली. सासूला म्हणाले, जुनीला चीर गेली, आता हीच वापरा. वाटीचं खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा पळी आपटली असती.

आता मला शेतात नवी काळजी लागली. सासू रागात असली तर चिमूट मोठी पडेल. खुशीत असली तर लहान. सकाळी निघताना मी तिच्या तोंडाकडे बघून जायची. कुणी तिला टोचून बोललं, शेजारणीशी भांडण झालं, तर दिवसभर माझं खुरपं चुकीच्या झाडावर पडायचं.

पण झालं उलटंच. चार-पाच दिवसांत नळीतला रंग हिरवा झाला, मग पिवळा, मग एका संध्याकाळी विटेचा. पोरगी पुन्हा घागरीला तोंड लावायला लागली. मी वाटी पुन्हा चिमूट काढून तोलून आणली, बरोबर होती. बाहेरून काही खाल्लंस का म्हणून पोरीला मारलं. ती नाही म्हणाली, तरी मारलं. परत दवाखान्यात. डॉक्टरांनी रंग ऐकले आणि औषध वाढवून दिलं. उद्या सकाळपासून पिचकारीवरच्या पुढच्या रेघेपर्यंत ओढा, म्हणाले.

संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला हे सांगत होते. सासू भाकरी थापत होती. तिनं न वळता विचारलं, "वाढवलं? का?"

"साखर वाढली म्हणून."

"कशी वाढंल? मी तर त्या दिसापास्नं चिमूट बी टाकत न्हाई परत. सगळी वाटी जाती पोरीच्या पातेल्यात."

माझ्या हातातला घास खाली राहिला. मी म्हणाले, "कधीपासून?"

"सांगितलं न्हाई का, त्या दिसापास्नं. तू कोकललीस तेव्हापास्नं. तिच्या वाटीतनं न्हाई टाकत. तांदळातनं दोनदा टाकती. बरकत कुठनं का येईना."

म्हणजे मी वाटी मोठी केली आणि तिनं चिमूट सोडली. दोघींनी एकमेकींना न सांगता. पोरीच्या पोटात रोज जास्त जात होतं. आणि उद्या सकाळी मी वाढवलेलं औषध टोचणार होते. पुढं कधी एखाद्या दिवशी सासूचा हात जुन्या सवयीनं डब्यात गेला असता, तर वाढलेलं औषध आणि कमी अन्न. पोरगी त्या वेळेला लंगडी खेळत असती किंवा विहिरीवर असती.

मी सगळं सांगून टाकलं. नवी वाटी का आणली ते, पदरात बेदाणे का बांधले ते.

सासू हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "म्हंजी माझ्या हाताचं वजन करून आलीस?"

"आले."

"किती भरला?"

"सहा ग्रॅम."

"एवढाच?" ती म्हणाली. "मला वाटलं शेरभर तरी असंल." नवरा हसला. मला हसू आलं नाही. मी तिला म्हणाले, आत्या, आता ठरवा. चिमूट टाकायची तर रोज टाकायची, आणि न टाकायची तर कधीच नाही. माझ्या भीतीनं टाकायची नाही आणि रागानं टाकायची, हे चालणार नाही. ती भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली, "जुनी वाटी काढ. ती लहानीच बरी. पोरीच्या वाटीत मी बोट घालनार न्हाई." मी विचारलं, नक्की का? ती म्हणाली, "माझ्या आईची शप्पत घालू का तुझ्या सरकारी ग्रॅमची?"

सकाळी मी औषध वाढवलं नाही. जुन्या रेघेपर्यंतच ओढलं आणि त्याच दिवशी एकटीच दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचं न ऐकणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुमच्या घरात दोन वाट्या आणि दोन बायका आहेत. मी औषध एकीच्या हिशोबानं देतोय. तुम्ही आधी एक व्हा, मग मला सांगा." जुनंच औषध चालू ठेवायला सांगितलं आणि आठवडाभर रोज संध्याकाळचा रंग लिहून आणायला.

रंग हळूहळू उतरला. विटेचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. मला आता निळा दिसला तरी धास्ती वाटायची, कारण निळ्यात साखर गरजेपेक्षा कमीही असू शकते हे कळलं होतं. थोडा हिरवट दिसला की मी झोपायची. खुरपणी संपली, मग काढणी आली, मग दुसरं पीक. मी शेतात सावली बघायची ती बघतच राहिले. सासू लापशी करायची. मी कधीमधी न सांगता दुपारी येऊन दारातून बघायची. तिनं एकदा पाठमोरीच सांगितलं, "ये आत. चोरासारखी उभी राहू नगंस. बघ, सपाट हाय."

पोरगी त्यानंतरही पडली. एकदा शाळेत, एकदा तापात, एकदा लग्न झाल्यावर पहिल्या बाळंतपणाच्या वेळेला. दर वेळेला कुणीतरी जवळ होतं आणि साखर होती. पुढं काचेची पिचकारी गेली, निळं औषध गेलं, बोटातून थेंब काढून आकडा दाखवणारं यंत्र आलं. ती एका डोळ्यानं अधू झाली. पायाचं एक बोट काढावं लागलं. त्या बाळंतपणातलं मूल राहिलं नाही, नंतरचा मुलगा राहिला.

सासू म्हातारपणानं गेली. वाण्याचं दुकान त्याच्या माघारी पडलं. नवरा झोपेत गेला. डॉक्टर कधी गेले ते मला वर्तमानपत्रातून कळलं.

मुलगी जिवंत आहे. मीही आहे.